कपाटातले कायदे

१

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात ही चोरी झाली. तालुक्याचं नाव सांगत नाही. गोष्टीत सगळी वकील मंडळी आहेत, आणि वकिलांना नोटीस पाठवायला टपालखर्चापलीकडे काही लागत नाही.

गुरुवारी सकाळी रंजीतानं वकीलखोलीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि ती तिथंच फरशीवर बसली. कोर्ट सुरू व्हायला अवकाश होता. काळा कोट हातावर टाकून ॲडव्होकेट इंदुताई आत आल्या, तर त्यांची लाडकी ज्युनिअर कपाटापुढे मांडी घालून, हात मांडीत टाकून बसलेली.

"काऊन वं, खाली काऊन बसली?"

"ताई, माहे कायदे गेले."

कायदे म्हणजे कायद्यांची मूळ पुस्तकं, नुसती कलमं छापलेली. एरवी ती गेली असती तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण रविवारी नागपूरला रंजीताची परीक्षा होती. वकिलीची पदवी मिळाली की राज्याची बार कौन्सिल सनद देते, पण ती कच्ची. दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बारची परीक्षा पास व्हायची, नाहीतर काळा कोट खुंटीला. रंजीताची दोन वर्षं पुढच्या महिन्यात भरत होती. एकदा तिची परीक्षा मलेरियानं खाल्ली, एकदा थोडक्यात गेली. आता हीच एक संधी उरली होती.

परीक्षेत पुस्तकं जवळ ठेवता येतात. ऐकायला सोपं वाटतं, पण हजारो कलमांत नेमकं कलम कुठं आहे ते हाताला माहीत असावं लागतं. रंजीताच्या हाताला ते माहीत होतं, कारण मागच्या वेळी नापास झाल्यापासून, वर्षभरात, समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात तिनं सगळा कायदा आपल्या आईच्या बोलीत, गोंडीत, उतरवून काढला होता. त्या कोर्टात साक्षीदाराशी गोंडीत बोलणारी ती एकटीच वकील. ती येण्याआधी जंगलातल्या गावांच्या बाया साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून प्रत्येक प्रश्नाला मान डोलवायच्या. आता त्या बोलत होत्या. रंजीता गेली असती तर त्यांचं पुन्हा मान डोलवणं सुरू झालं असतं, हे इंदुताई जाणून होत्या.

त्या समासांचं त्यांना भारी कौतुक. सोमवारीच त्यांनी एक पुस्तक साऱ्या वकीलखोलीत फिरवून दाखवलं होतं. तेव्हा त्यांचा दुसरा ज्युनिअर, निकेश, हळूच म्हणाला होता, "ताई, परीक्षेत असं लिवलेलं चालत नाई म्हनतेत. पेन्सिल बी."

"थो नियम बाजारातल्या गाईडाले हाय रे. माहे केस पिकले वकिलीत, मले सांगून राह्यला!" इंदुताईंनी त्याला उडवून लावलं. बाकीच्या ज्येष्ठ वकिलांनीही माना हलवल्या. निकेशला तशीही कशाचीही काळजी वाटे: बस चुकण्याची, फाईल भिजण्याची, न्यायाधीशांच्या सर्दीची.

इंदुताईंनी कपाटात डोकावून पाहिलं. एकच पुस्तक खणात उरलं होतं. त्यांनी स्वतः दोन दिवसांपूर्वी आणून दिलेली नवी न्याय संहिता, जाड पुठ्ठ्याची, सगळ्यांत महागाची, अजून कोरी करकरीत.

"चोरानं चांगलं पुस्तक ठेवलं आनि फाटकी नेली," त्या पुटपुटल्या. "असा कसा चोर?"

२

पोलिसांत जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. पोलीस आधी जबाब घेतील, मग चहा, आणि तोवर रविवार उलटून जाईल. शिवाय बाहेरचा चोर इथं येणारच नाही. कपाटाची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते हे साऱ्या वकीलखोलीला ठाऊक होतं. ते कुलूप उंदरांपुरतंच.

"तू त्या एका पुस्तकाचा अभ्यास कर. बाकीचे मी पाहून घेते," त्या रंजीताला म्हणाल्या. रंजीतानं मान हलवली, पण पान उलटलं नाही.

पहिली गाठ नीलाबाईची घेतली. नीलाबाई वकीलखोली झाडते, चहा करते, आणि तालुक्यातल्या कुठल्याही बातमीच्या आधी उठते.

"काल सांजच्याले कोन कोन होतं इथी?"

"कोनी नाई जी. रंजीता गेल्यावर निकेशदादाच होते, लिहून राह्यले होते कायतरी. लय गरीब पोरगं. माह्या भावाचा शेताचा दावा हाय, म्या म्हनलं तुमीच घ्या, तं म्हनते, वकीलपत्रावर ताईचंच नाव टाकू, ताईच्या नावाले वजन हाय. आजकाल कोनाचंच घेत नाईत म्हना आपल्या नावावर."

"बरं, आनखी?"

नीलाबाईनं पातेलं खाली ठेवलं. सांगावं की नको, असा तिचा चेहरा झाला.

"वकीलीनबाई, नाव नोका घेऊ माहं. रंजीताचा बाप आल्ता. वारलूभाऊ. पोटाशी एक पिशवी कवटाळून मांगच्या दारानं निंगाला. म्या हाक मारली तं मांगं वळून बी नाई पाह्यलं."

इंदुताईंना आठवलं. मागच्या बाजाराला हाच वारलू त्यांच्यापुढं हात जोडून म्हणाला होता, "बाई, पुरे करा आता. पोरीले घरी पाठवा."

३

वारलू गावातच बहिणीकडे उतरला होता. अंगणात धानाचे भारे रचलेले, आणि भाऱ्याला टेकून वारलू उन्हात बसलेला. कुरखेड्याकडच्या आपल्या गावात धान कापणी अर्धी टाकून हा माणूस इथं काय करतोय, हा प्रश्न कोणालाही पडला असता. इंदुताईंना पाहताच त्यानं शेजारची पिशवी मागं सारली.

पिशवी हलली.

इंदुताईंनी उलटतपासणीत भलेभले साक्षीदार रडवले होते. पण हलणाऱ्या पुराव्याशी त्यांची पहिलीच गाठ होती.

"वारलूभाऊ, पिशवीत काय हाय?"

"काई नाई बाई."

पिशवी म्हणाली, "कुक्‌."

वारलूनं हताश होऊन पिशवीचं तोंड सैल केलं. आतून लाल तुऱ्याचा एक कोंबडा संतापून बाहेर पाहू लागला.

"देवाले कबूल केला हाय," वारलू खालमानेनं म्हणाला. "पोरगी पास होऊ दे म्हनून. तिचा हात लावून नेला का बरं असते, म्हनून काल कोर्टात आनला. पन ती लिहून राह्यली होती. अभ्यासात असं काई दाखवलं का रागावते थे. म्हनून मांगच्या दारानं आलो निंगून."

"मंग बाजारात मले म्हनत होते, पुरे करा?"

"मागच्या साली निकाल लागला तवा चार दिस जेवली नाई थे, बाई. बोलली बी नाई. माह्याच्यानं पाह्यलं नाई जात." त्यानं पंच्यानं डोळे पुसले. "तुमी लोक शिकलेले, तुमाले सवय असंन नापासाची. आमच्या घरात हे पयलंच."

इंदुताईंनी कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्यानं चोच मारली तरी त्या रागावल्या नाहीत. संशयितांच्या यादीतून बाप गेला याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की चोर अजून मोकळा आहे हे रस्त्याला लागल्यावर आठवलं.

४

आता उरला अंकुश. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली कॉम्प्युटर मांडून अर्ज टाईप करणारा हा गृहस्थ रंजीतावर खार खाऊन होता, आणि त्याला कारण होतं. जंगलातून आलेल्या बायांचे अर्ज रंजीता हातानं लिहून द्यायची, फुकट. अंकुशच्या खुर्चीपुढची रांग तिच्यामुळे आटली होती. "पास होऊ दे नाई त नको होऊ दे, मले का?" असं तो चारचौघांत बोलला होता.

शुक्रवारी सकाळी इंदुताई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची एक पद्धत होती. निर्दोष माणूस चिडतो, आणि दोषी माणूस विचारल्यापेक्षा जास्त उत्तर देतो, असा त्यांचा अनुभव.

"अंकुशभाऊ, रंजीताची पुस्तकं कुठी हायेत?"

अंकुश चिडला. इतका चिडला की त्याचा चष्मा नाकावरून घसरला.

"म्या चोरली म्हनता? थ्या कायद्याच्या पुस्तकाचं मी काय लोणचं घालू? आनि त्यातलं लिवलेलं कोनाच्या बापाले वाचता येते? सारं गोंडीत! बाई, चोरी तं माही होऊन राह्यली रोज, ते नाई दिसत कोनाले. कोनी पिना उचलते, कोनी कोरे कागद नेते गठ्ठ्यानं, कोनी रबर घेऊन जाते. माह्या टेबलाले काय धर्मशाळा समजले वकील लोक?"

"मंग ती नापास झाली तं बरंच होईन तुले."

अंकुश एकदम थांबला. "तसं नोका बोलू, ताई," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "मोठ्यानं बोलतो मी, पन माही माय बी कोर्टात तशीच मान डोलवत होती. जमीन गेली आमची."

इंदुताई वकीलखोलीकडं परतल्या तेव्हा उन्हं वर आली होती. एक दिवस हातात उरला होता, आणि संशयित एकही नाही.

५

दुपारी कोर्टात एका बांधाच्या भांडणावर समोरच्या वकिलांचं लांबलचक भाषण चाललं होतं. इंदुताई कान तिकडं देऊन मन मात्र कपाटात घालून बसल्या होत्या.

चोरानं कोरं पुस्तक ठेवलं आणि लिहिलेली नेली. म्हणजे त्याला पुस्तकं नको होती, लिहिलेलं हवं होतं. पण अंकुश खरंच बोलला. ते लिहिलेलं इथं कोणाला वाचता येत नव्हतं, आणि त्या परीक्षेला इथून दुसरं कोणी बसतही नव्हतं. मग दुसऱ्याच्या टिपणांचा उपयोग कोणाला? कोणालाच नाही.

मग उलटा विचार केला तर? चोराला ते लिहिलेलं हवं नव्हतं. ते रंजीतापाशी असायला नको होतं. परीक्षेत तर मुळीच नको.

तेवढ्यात शेजारून निकेशनं फाईल पुढं केली. त्याच्या काळ्या बाहीवर बारीक भुगा चिकटला होता. इंदुताईंनी आईच्या सवयीनं तो झटकला, आणि झटकता झटकता त्यांची बोटं थांबली. भुगा धुळीसारखा उडाला नाही. बोटांमध्ये चुरगळून त्याच्या मऊ, राखाडी वळ्या झाल्या.

"रबर घेऊन जाते." "कोरे कागद नेते गठ्ठ्यानं." आणि सोमवारचं ते हळू आवाजातलं वाक्य, "पेन्सिल बी."

इंदुताईंनी निकेशकडं पाहिलं. डोळे झोपेनं सुजलेले, बोटाला शाईचा डाग. मग नीलाबाईच्या भावाचं वकीलपत्र आठवलं, आणि त्या मनातल्या मनात मागं मागं जाऊ लागल्या. उन्हाळ्यापासून या पोरानं एकाही वकीलपत्रावर सही केली नव्हती. एकाही दाव्यात तोंड उघडलं नव्हतं. त्यांना तो विनय वाटला होता.

चोर सापडला होता, आणि तो कालपासून फाईल धरून त्यांच्याच शेजारी उभा होता. पण आता त्याला कसं विचारावं, हे त्या निष्णात वकीलबाईंना सुचेना.

६

कोर्ट सुटल्यावर त्या त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेल्या. दार लोटलेलंच होतं. सतरंजीवर रंजीताची पुस्तकं ओळीनं मांडलेली, मधे निकेश उकिडवा बसलेला, एका हातात रबर. त्यांना पाहून तो उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला.

"उद्या सकाळी ठेवून देनार होतो कपाटात, ताई. थोडंच राह्यलं हाय."

इंदुताई सतरंजीच्या कडेला टेकल्या.

"कवा झालं रे तुह्यासंगं?"

निकेशनं रबर खाली ठेवलं.

"दोन सालाआधी. म्या बी समासात लिवलं होतं, पेन्सिलीनंच. इथी सगळेच म्हनत होते, चालते. पेपर सुरू झाला, मॅडमनं पुस्तक उघडून पाह्यलं, पेपर काढून घेतला आनि भायेर पाठवलं. साऱ्या हॉलसमोर, कॉपीवाल्यावानी. घरून फोन आला, कसा गेला पेपर? म्या म्हनलं चांगला गेला. निकाल लागला तवा म्हनलं, पास झालो. मंग तुमी पेढे वाटले."

पेढे इंदुताईंनीच वाटले होते. वडशावरून मागवून.

"मंग पुन्हा काऊन नाई बसला?"

"पास झालेला मानूस पुन्हा कसा बसन, ताई? दोन वर्षं भरले तसा मी कोर्टात उभा नाई राह्यलो. तारीख बी तुमच्या नावानं मागतली. तेवढं पाळलं."

"मले सांगाचं होतं."

"सोमवारी सांगतलं," निकेश म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "आनखी सांगतलं असतं तं तुमी इचारलं असतं, तुले कसं माहीत? आनि तुमी सनद घेतली तवा ही परीक्षाच नोती, ताई. इथल्या मोठ्या वकिलांपैकी कोनीच बसलं नाई तिले. तुमाले भायेर काढलं कोनी? तुमाले कसं सांगू?"

इंदुताईंना खरोखर रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. ज्या परीक्षेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या, तिचे नियम त्या साऱ्यांना ठामपणे सांगत आल्या होत्या. एक पोरगा त्यापायी बाहेर पडला, आणि दुसरी पोरगी त्याच वाटेनं निघाली होती. या पोरानं ती वाट अडवली, तीही स्वतःचं तोंड न दाखवता.

"हे कागद कशाचे?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. पुस्तकांशेजारी लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा होता.

"पुसाच्या आधी उतरवून घेतलं सारं. कोन्या कलमाजवळ काय होतं थे. तिची मेहनत हाय. उद्या बसमंदी वाचंन थे."

"तुले गोंडी येते?"

"नाई येत. अक्षर पाहून पाहून उतरवलं."

म्हणूनच दोन दिवस लागले होते. पुसायला एक संध्याकाळ पुरली असती.

७

रंजीताला सांगताना निकेश भिंतीला पाठ लावून उभा होता. तिनं एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, आणि मोकळे समास पाहून ती किंचाळलीच.

"माही सालभराची मेहनत पुसून टाकली तू!"

तिनं पुस्तक त्याला फेकून मारलं. ते त्याच्या खांद्याला लागलं. त्यानं ते उचलून, पान सरळ करून पुन्हा तिच्यापुढं ठेवलं, आणि वर तो कागदांचा गठ्ठा. मग आपली हकीकत सांगितली, अधलीमधली लाज न गाळता.

रंजीता ऐकत होती. ऐकता ऐकता तिची नजर कागदांवर गेली. ती एक ओळ वाचायला लागली, थांबली, पुन्हा वाचली.

"हे काय लिवलं रे? इथी 'येर' पाह्यजे. येर म्हंजे पानी. तू 'मेर' लिवून ठेवलं. आनि हे... हे तं कोन्याच भाषेत नाई!"

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता एकेक चूक बोट ठेवून सांगत सुटली. तेव्हा इंदुताईंच्या लक्षात आलं, की समास कोरे झाले तरी पोरीला सारं पाठ होतं. कुठल्या कलमाजवळ काय लिहिलं होतं ते ती न पाहता बोलत होती.

शनिवारी सकाळी इंदुताईंनी वकीलखोलीत सगळ्यांपुढं सांगितलं, "पेन्सिल बी चालत नाई. म्या चुकीचं सांगत होते, आनि तुमी बी." आपल्याला कसं कळलं, ते मात्र त्या बोलल्या नाहीत. ते सांगायचं की नाही हे निकेशचं निकेशनं ठरवायचं होतं. मग तिघं नागपूरच्या बसमध्ये बसले आणि ब्रह्मपुरी येईपर्यंत एकेक पान उजेडाला धरून राहिलेल्या खुणा पुसत गेले.

रंजीता पास झाली. निकाल बऱ्याच दिवसांनी लागला, पण तुमचा जीव टांगणीला कशाला ठेवायचा! वारलूनं कबूल केल्याप्रमाणे देवाचं देणंही फेडलं.

पण मला सांगायचंय ते रविवारचं. दारावरच्या बाईंनी रंजीताचं प्रत्येक पुस्तक घेतलं, पानं भराभर उलटली, एका ठिकाणी थांबून तिरकं धरून पाहिलं. गेटाबाहेर निकेशनं इंदुताईंचा हात घट्ट पकडला होता. बाईंनी पुस्तकं परत दिली. रंजीता आत गेली, आणि जाताना वळून पाहायचंही विसरली.

निकेशनं हात सोडला. समोरच्या टपरीवर दोघं उभे राहिले. त्याला काही विचारू नये, पुढचा फॉर्म कधी निघतो तेही आज काढू नये, असं इंदुताईंनी ठरवलं होतं. आत पेपर सुरू झाला. दुसरा चहा यायचा होता.

तेवढ्यात गेट किलकिलं झालं आणि एक मुलगी बाहेर आली. पेपर सुरू होऊन फार तर अर्धा तास झाला असेल. छातीशी पुस्तकं, पायात चप्पल नीट घातलेली नाही. कोणाकडं न पाहता ती भिंतीशी जाऊन खाली बसली. तिला न्यायला आलेलं कोणी दिसत नव्हतं. मांडीवर उघड्या पडलेल्या पुस्तकाच्या समासात निळी बारीक अक्षरं होती; दारावरच्या गर्दीत ती निसटली असणार आणि आत सापडली.

निकेश तिच्याकडं पाहत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. इंदुताईंना वाटलं, आता हा इथून निघून जाईल. तो निघालाच, पण रस्ता ओलांडून, तिच्या दिशेनं. तिच्यापासून हातभर अंतर ठेवून तो फूटपाथवर बसला.

"कुठल्या तुमी?"

"कोरपना," ती मान खाली घालूनच म्हणाली. "घरी काय सांगू आता?"

"जे झालं थेच सांगा," निकेश म्हणाला. इतकं मोठ्यानं, की टपरीवरचे चार लोक वळले. "दोन सालाआधी मले बी याच गेटातून भायेर काढलं होतं. म्या नाई सांगतलं कोनाले. लय जड जाते मंग. चला, चाय पिऊ."